घरची वीज, सरकारची परवानगी

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. घरी ऐकायला कोणी नसलं की ते आत मुरत राहतात, आणि मग तुमच्यासारखे चार मित्र भेटले की राहवत नाही!

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. मी साताऱ्याचा, नोकरी मंगरूळपीरला. वाशीम जिल्हा तेव्हा झालाच नव्हता. वीज खात्याच्या ऑफिसात तिघं: मोठे साहेब, मी आणि शिपाई नामदेव. गोबर गॅसवर किंवा वाऱ्यावर कोणी घरची वीज बनवत असेल, तर जाऊन तपासायचं. नियम साधा: परवानगी घ्या, स्वतःपुरती बनवा, दुसऱ्याला द्यायची नाही.

*

पहिलीच फेरी आसेगावला. "आजी, वीज बनवायला परवानगी लागते," मी म्हणालो.

म्हातारी शेण कालवत होती. हात न थांबवता म्हणाली, "बैल आमचे, शेन आमचं, हात माहे भरले. अन् परवानगी तुमची काहून?"

मी फॉर्म पुढे केला. ती म्हणाली, "बसा, चहा घ्या. चहाले तं लागत नाही ना परवानगी?"

*

शिरपूरला एका रिटायर्ड फौजीने गच्चीवर पवनचक्कीचा पंखा उभारला होता. त्यावर तो बॅटरी चार्ज करायचा आणि रेडिओ ऐकायचा. साहेब स्वतः पाहणीला आले, आणि नेमका वारा पडलेला! पातं हलेना. साहेब घामाघूम.

"पाहणीची सूचना आधीच दिली होती ना?"

"मले देली होती सायेब. वाऱ्याले कोनी देली?"

*

खोलीवर करमायचं नाही म्हणून रविवारीही मी ऑफिसात जाऊन बसायचो. एकदा विसरलेली छत्री न्यायला नामदेव आला.

"सायेब, आज सुट्टी हाय!"

"माहीत आहे."

त्याने छत्री कोपऱ्यात ठेवली. मग स्टूल ओढून बसला. "मंग मलेबी काही काम सांगा."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून काहीही केलं नाही!

*

आता मानोऱ्याकडच्या एका खेड्यातले किसनबुवा. बायको गेलेली, मुलं नागपूरला. त्यांनी गोबर गॅसवर लहानसं इंजिन चालवून घरात एक बल्ब लावला. दुसरा, गल्लीवरून वायर टाकून, समोर एकट्या राहणाऱ्या शेवंताबाईच्या ओसरीवर. कोणीतरी तक्रार केली. मी जाऊन वायर काढायला लावली. शेवंताबाई दारातून बघत होती.

काही दिवसांनी संध्याकाळी पुन्हा गेलो. वायर नाही, पण ओसरीवर लख्ख उजेड! शेवंताबाई ज्वारी निवडत बसलेली. बुवांनी आपल्या घरातला बल्ब काढून बाहेरच्या भिंतीवर, तिच्या ओसरीकडे तोंड करून लावला होता. त्यांच्या घरात अंधार.

"बुवा, हे काय?"

"वायर माह्याच भितीवर हाय सायेब. उजेड गल्ली वलांडून जाऊन राह्यला, त्याले मी काय करू?"

मी नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला. उजेडाबद्दल त्यात काहीच नव्हतं!

पुढच्या हिवाळ्यात शेवंताबाई वारली. माझी बदली झाली तेव्हा बुवांचा निरोप घ्यायला गेलो. तिन्हीसांज झाली होती. समोर दाराला कुलूप, ओसरीवर पाचोळा, आणि त्यावर बल्बचा उजेड पडलेला.

"बुवा, आता तरी बल्ब आत घ्या. जेवताना ताट दिसेल."

"काहून सायेब? काही नवा नियम आला काय?"