न कापलेली मखमल

आमच्या मामेसासऱ्यांनी कापड पाहिलं आणि चिमटीत धरलं नाही, असं उभ्या सुरतेत कधी घडलं नसेल. लग्नात त्यांनी विहिणीचा पदर चोळून पाहिला, बसमध्ये पुढच्या माणसाची कॉलर, आणि एकदा शेजारच्या मयताला गेले तेव्हा कफनसुद्धा. "पोत चांगला शे," असं तिथे रडणाऱ्यांना सांगूनही आले. अमळनेरकडून आलेला हा माणूस सुरतेजवळच्या भेस्तानला यंत्रमागांवर मास्तर होता. उरलेलं जग त्यांच्या मते कच्चं विणलेलं होतं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी एका लहानशा प्रयोगशाळेत सहायक होतो. आमच्या मॅडम कर्करोगाच्या पेशी वाढवत. काचेच्या बशीत त्या सायीसारख्या सपाट पसरत; शरीरात मात्र त्यांची गाठ होते. तशीच गाठ होऊ द्यायची, तर पेशींना चारी बाजूंनी धरून वाढायला जाळीचा सांगाडा हवा. ऑपरेशनच्या टाक्यांना वापरतात त्या विरघळणाऱ्या धाग्याचे आम्ही दोन सांगाडे केले. दोन्ही आतल्या आत दबले, मधल्या पेशी गुदमरून मेल्या. आता एकाच कुपीतल्या पेशी शिल्लक होत्या. त्या जिच्या, ती बाई वारली होती. पुन्हा मागायला कुणी नव्हतं.

बिघडलेला सांगाडा मी घरी आणला. मामांनी अर्थातच तो चिमटीत धरला.

"जावईबापू, हाई गोधडी शे. यामां जीव कोठे राही?"

मखमल विणताना दोन कापडं समोरासमोर विणतात, मधल्या उभ्या धाग्यांनी जोडलेली आणि त्यांनीच एकमेकांपासून दूर धरलेली. नंतर मधोमध सुरी फिरवून ती वेगळी करतात. "सुरी फिरवानी नही, बस," मामा म्हणाले. त्याच विरघळणाऱ्या धाग्याची नखाएवढी न कापलेली मखमल त्यांनी आठ दिवस भिंग लावून सुईने विणली. घरात कुणी शिंकलं तरी ओरडत.

निर्जंतुक करून मॅडमनी तिच्यात शेवटची कुपी रिकामी केली. दहाव्या दिवशी मामा आपलं कापड बघायला हजर! मॅडम नको म्हणत होत्या. ते कशाला हात लावणार नाहीत, असा मी शब्द दिला. मामांनी मास्क बांधला, हात पाठीमागे घेतले. मॅडम बशीचं झाकण काढून आतलं पोषक द्रव बदलू लागल्या, आणि मामांचा उजवा हात सुटला. तो आपोआपच निघाला होता, अंगठा आणि तर्जनी जुळवून. नुसता स्पर्श झाला असता तरी सगळं नासलं असतं. ओरडावं तर मॅडमचा हात हलेल. चिमटी बशीपासून वीतभर अंतरावर आली, मग चार बोटांवर. तिथे मामांच्या डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट धरलं.

बाहेर आल्यावर मी संतापून काही बोलणार, तोच ते म्हणाले, "तठे कोनीतरी राहस ना!"

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यातला पातळ काप रंगवून मामांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. प्रत्येक पोकळी पेशींनी भरली होती. मामा लहान मुलासारखे हसले. मग विचारलं, "कोन्या शेतस ह्या?"

"एक बाई होत्या, चलथाणकडच्या," मॅडमनी सांगितलं. "नाव सांगता येत नाही. त्या गेल्या."

मामांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "म्हंजे मन्हा धागावर तिन्हं दुखणं वाढनं ना?"

"वाढलं, म्हणून आता त्याच्यावर औषधं घालून बघता येतील," मॅडम म्हणाल्या.

भेस्तानपर्यंत बसमध्ये मामांनी पुढच्या माणसाच्या कॉलरकडेही पाहिलं नाही. सकाळी मात्र ते माझ्या दारात उभे होते, नवा धागा मागायला.

नजर साथ देईपर्यंत ते विणत राहिले, आणि पहिल्या गाठीतल्या पेशी पुढच्या सांगाड्यांत वाढत राहिल्या. त्या सांगाड्यांवर कितीतरी औषधं फुकट गेली, एक-दोनांचं काम पुढे सरकलं. मखमलीचा प्रत्येक तुकडा हातात देताना मामा मॅडमना विचारायचे, "चलथाणनी बाई कशी शे?"

एरवी आमची अर्धी चूकही खपवून न घेणाऱ्या मॅडम चष्मा पुसत म्हणायच्या, "बरी आहे, मामा."