आमच्या घरातलं अपेंडिक्स

माझ्या दोन्ही माम्यांनी पंचविशी-सव्विशीत ऑपरेशन करून घेतलं. आमच्याकडे नुसतं 'ऑपरेशन' म्हटलं की बायकांना कळतं कुठलं ते. दोन मुलं झाली, आता आटपून टाका, एवढं सरळ. त्यांना कोणी म्हणालं नाही की बाई, तू फार लहान आहेस, उद्या मन बदललं तर? मी एकोणतीस वर्षांची, इथे परदेशात, लिक्सलिप गावातल्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. एक चूक झाली तर अख्खी बॅच वाया जाईल अशी मशिनं माझ्या भरवशावर चालतात. पण स्वतःच्या गर्भनलिका काढून टाकायच्या म्हटल्यावर मी एकदम कुक्कुलं बाळ ठरले.

"पस्तिशीनंतर बघू," माझी नेहमीची डॉक्टर म्हणाली. दुसऱ्या डॉक्टरने विचारलं, पुढे भेटणाऱ्या नवऱ्याला मुलं हवी असली तर? जो माणूस माझ्या आयुष्यात अजून आलेलाच नाही, त्याचं मत माझ्या आधी! तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, तो आला की त्याला पाठवून देते तुमच्याकडे.

मला मूल नको आहे. पूर्वीही नको होतं. मग गोळ्या घे ना, ऑपरेशनच कशाला, असं विचारणाऱ्यांना मी इथल्याच लिमरिक शहरातल्या विजेच्या खांबांची गोष्ट सांगते. मी तिथे शिकायला आले त्या वर्षी गर्भपाताच्या कायद्यावर मतदान होतं. युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर खांबाखांबाला पोस्टर, हो म्हणा, नाही म्हणा. मला मत नव्हतं, पोट मात्र होतं. कायदा बदलला तेव्हा वर्गातल्या मुली रडल्या, नाचल्या, मीही नाचले. पुढे घरात सोबत राहणाऱ्या एका मुलीबरोबर तिच्या गर्भपातासाठी दवाखान्यात गेले, तर नव्या कायद्याप्रमाणे तिला तीन दिवस थांबून पुन्हा यायला सांगितलं. म्हणजे तिने नीट विचार करावा. तिचा विचार झाला नव्हता तर ती दोन बस बदलून आली होती कशाला?

मग अमेरिकेत बायकांना असलेला गर्भपाताचा हक्क काढून घेतल्याची बातमी आली. कॅन्टीनमध्ये सगळे म्हणाले, आपल्याकडे असं होणार नाही. न होवो. पण मतांनी आलेली गोष्ट मतांनी जाऊही शकते, आणि मला माझं पोट पुन्हा खांबावर लटकलेलं बघायचं नव्हतं.

शेवटी एका सर्जनबाईंनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि तारीख दिली. भूल दिल्यावर घरी न्यायला मोठं माणूस हवं, एवढीच अट. माझ्याकडे तेव्हा एकच मोठं माणूस होतं. आई. तीन महिन्यांसाठी पुण्याहून आली होती आणि येताना बॅगेत लोणच्याबरोबर दोन स्थळंही घेऊन आली होती.

ती पोळ्या लाटत असताना मी सांगून टाकलं.

"लग्न कोण करेल तुझ्याशी?"

"ज्याला मी हवी असेन तो."

"आणि त्याला मुलं हवी असली तर?"

"मग त्याला मी नकोय, आई."

तव्यावरची पोळी करपली. आईने ती बाजूला टाकली आणि दुसरी लाटायला घेतली. जेवणं झाल्यावर भांडी पुसून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या कपाटात, ठेवताना म्हणाली, "मी येते. पण लोकांना अपेंडिक्स सांगायचं."

"अपेंडिक्सच का?"

"माझं झालेलं आहे. कोणी काही विचारलं तर उत्तरं देता येतात."

ते खरं होतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी माहेरी असतानाच आईचं अपेंडिक्स काढलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ. मला चोरीमारी केल्यासारखं वाटत होतं आणि तिचा रागही आला होता. पण मला ऑपरेशन हवं होतं आणि ते होईपर्यंत मला कोणाशीही वाद घालायचा नव्हता. मी हो म्हटलं.

ऑपरेशन सुरळीत झालं. त्यानंतरच्या रविवारी क्लोनडॉकिन भागात राहणाऱ्या ओळखीच्या वहिनी मुगाची खिचडी घेऊन आल्या. इथे मराठी घरात कोणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचा असतो.

"टोमॅटो, पेरू, काही खाऊ नकोस गं," त्यांनी मला बजावलं. "बी अडकते. माझ्या दिराचं तसंच झालं होतं." आई मान डोलवत होती. मी दात आवळून पडून होते.

"पण काकू, बरं झालं वेळेत निघालं," वहिनी आईला म्हणाल्या. "नाहीतर उद्या हिच्या डिलिव्हरीच्या वेळी प्रॉब्लेम झाला असता."

आता पुरे, म्हणून मी उठून बसले. टाके ताणले गेले. पण माझ्याआधी आई बोलली.

"अपेंडिक्स नाही गं. हिने ऑपरेशन करून घेतलंय. मूल न होण्याचं."

वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला. "पण काकू, हिला तर अजून एकही..."

"मला दोन होत्या, तरी कुठे कोणाला पुरल्या? सासूबाई म्हणाल्या, मुलगा होईपर्यंत थांब. मी माहेरीच ऑपरेशन उरकून आले. हिच्या बाबांनी होकार दिला, पण त्यांची आईला सांगायची हिंमत नव्हती. म्हणून मी अपेंडिक्स सांगितलं. सासूबाई जाईपर्यंत नातवासाठी नवस बोलत राहिल्या."

त्या नवसांचे पेढे मी खाल्ले होते. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वहिनींकडे बघत होती.

"इतकी वर्षं माझं खोटं सांभाळलं," ती म्हणाली. "हिचं नाही सांभाळणार."

मग ती उठली. "तूही जेवूनच जा," तिने वहिनींना सांगितलं आणि फ्रिज उघडला. "खिचडीबरोबर टोमॅटोची कोशिंबीर करते. बियांसकट."