ब्रह्माचं अंडं

पोर निळी पडली, तेव्हा मी काचेच्या पेटीची झडप उघडून आत हात घातला. नर्सने मनगट धरून मला बाहेर काढलं. सातव्या महिन्यात झालेली माझी नात. सून शेजारच्या खाटेवर, बाळंतपणात खूप रक्त गेलेली, डोळे मिटून. नाशिक रोडच्या त्या दवाखान्यात मी मुलाला म्हणाले, "घरी नेऊ. मरायचं तर माझ्या मांडीवर मरू दे." तो रिक्षा बघायला गेला.

बाहेर बाकड्यावर देवळाली कॅम्पची एक बाई माळ ओढत बसली होती. वणीच्या देवीला नवस बोलून बोलून माझं तोंड दुखलं होतं. मी म्हणाले, "बाई, मला ब्रह्मांड आठवलं."

"ब्रह्मांड म्हणजे काय, माहितीय का?"

"संकट. दुसरं काय?"

"ब्रह्माचं अंडं. हे जग, चांदण्या, तुम्ही, मी, सगळं एका अंड्यात. जुने लोक तसं मानायचे, म्हणून ते नाव."

मला राग आला. "हितं पोर चाललीय अन् तुम्ही अंडी काय सांगता? घातलं कोणी ते?"

"ब्रह्मदेव त्यातूनच निघाला म्हणतात."

"मग ते अंडं त्याचं कसं? आधी कोण?"

"मला तरी कुठं कळतंय," ती हसली. "कोंबड्या आहेत का घरी?"

होत्या. पिल्लू आतून टोच मारायला लागलं की अंड्याला हात लावायचा नाही, हे आमच्या मळ्यात सगळ्यांना ठाऊक. माझ्या जावेने एकदा दया येऊन कवच सोललं, तर पिल्लू रक्ताळून तिच्या हातातच मेलं. कोंबडी नुसती ऊब देत वर बसते.

मी दाराच्या काचेतून पेटीकडे पाहिलं. आत दिवा होता. ऊब होती.

मुलगा आला. "आई, रिक्षा उभी हाय."

"परत पाठव."

"मघाशी तूच म्हणालीस ना?"

"पाठव म्हटलं ना."

बाईला चहा विचारायला वळले, तर बाकडं रिकामं. ती कोणाकडे आली होती, नर्सला सांगता आलं नाही. असेल कोणाची तरी. मी नवस बोलणं बंद केलं आणि हात पदरात धरून बसले. ते सोपं नव्हतं.

अंडं आधी की ब्रह्मदेव, हे मी नंतर एका कीर्तनकाराला विचारलं. त्यांनी पुढचा अभंग घेतला. देवी वर बसून आपल्याला ऊब देते की आपल्यासारखीच आत आहे, हेही मला कळलेलं नाही. न कळताच हात जोडते.

सून जगली. पोर जगली.