इंचाचा हजारावा भाग आणि मी

कारखान्यातला लोखंडाचा कीस संध्याकाळी झाडून काढता येतो. किस्से मात्र साचतच जातात! स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ठाण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात मी मशीन शॉपचा इन्चार्ज झालो. तिथले निम्मे किस्से माझ्यावरचेच आहेत.

लेथवर लोखंड कातणारा टर्नर म्हणून मी चांगला होतो. इंचाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला तरी मला जेवण गोड लागत नसे. इन्चार्जने काम करवून घ्यायचं असतं, हे मात्र डोक्यात शिरलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका कामगाराला "व्हा बाजूला" म्हणून मी त्याच्या लेथवर उभा राहिलो. मग शेजारच्या. मग तिसऱ्या. दुपारी वळून बघतो तर कोलशेतचे पाटील मिस्त्री, वयाने माझ्या वडिलांएवढे, माझ्या खुर्चीत बसून चहा पितायत!

"हे काय, मिस्त्री?"

"काय नाय, सायेब. तुमी आमचं काम करताव, मंग तुमचं कोनी करायचं?"

*

शॉपमध्ये 'जागा स्वच्छ ठेवा' अशी पाटी लावायची होती. पेंटरची अक्षरं मला वाकडी वाटली, म्हणून मी स्वतःच पट्टी घेऊन बसलो. 'च्छ' काही केल्या जमेना. सातवा कागद एकदाचा भिंतीवर चढला. खालून एकजण म्हणाला, "साहेब, पाटीखालचे सहा कागद कोण उचलणार?"

*

डोंबिवलीच्या लेलेबाई आमच्याकडे ट्रेसर होत्या. मूळ ड्रॉइंगवर पारदर्शक कापड ठेवून ते शाईने उतरवून काढायचं, हे त्यांचं काम. एक ट्रेसिंग मी चार वेळा परत पाठवलं. पाचव्यांदा खूश झालो. "बघा! आता कसं स्वच्छ उतरलंय!"

"हे पहिलंच आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "बाकीची तीन कपाटात आहेत. आणू?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे लाल झाले होते, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन बायकोला सांगितलं, "उद्यापासून दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. म्हणजे नाही!"

ती म्हणाली, "माझ्या पोळ्यासुद्धा त्यात धरायच्या ना?"

*

ठरवलं ते ठरवलं. कोणी कातलेला भाग, म्हणजे जॉब, दाखवायला आणला की मी एवढंच विचारायचो, "तुम्हाला काय वाटतं?" जीव नुसता तडफडायचा! पण महिनाभर नेटाने तेच केलं. एके दिवशी एकाने स्वतःचाच जॉब भंगारात टाकला.

मी न राहवून म्हटलं, "अहो, चालला असता की!"

"तुम्हाला चालला असता, साहेब. मला नाही!"

*

मग कल्याणचा पंप. तिथल्या एका प्रसूतिगृहात आम्ही बसवलेला पंप तीन आठवड्यांत बंद पडला. आम्ही पोचलो तेव्हा नर्सबाई विहिरीवरून बादल्या वाहत होत्या.

मिस्त्रींनी पंप उघडला. आतला फिरणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, जळून निळा पडला होता. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे पाणी थेंब थेंब गळावंच लागतं, त्यानेच तो थंड राहतो. इथे त्या जागेचे नट इतके आवळलेले, की एक थेंब सुटायला वाव नव्हता.

"कोनी आवळलं?" मिस्त्री म्हणाले, आणि लगेच, "जाऊ द्या, झालं ते झालं." त्यांना ठाऊक होतं.

"मी," सगळ्यांसमोर मी सांगितलं. "पंप बसवला त्या दिवशी, तुम्ही जेवायला गेलेलात तेव्हा. थेंब बघवला नाही मला."

पलीकडे एक तान्हं मूल रडत होतं.

नवा शाफ्ट आमच्या माणसांनी केला, बसवलाही त्यांनीच. मी भिंतीशी उभा. बटण दाबलं, वर टाकीत धो धो पाणी पडायला लागलं. आणि पंपाखाली टपकन एक थेंब पडला.

मेट्रनबाई लगबगीने आल्या. "अहो, दुरुस्त केलात ना? मग हा गळतोय कसा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"गळू दे, बाई," मी म्हटलं.

त्यांना काही पटलं नाही. आत जाऊन त्यांनी एक वाटी आणली आणि पंपाखाली ठेवली. ठेवली ती जराशी बाजूलाच. थेंब बरोबर काठावर आपटून बाहेर उडत होता.

मिस्त्री माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी वाटी सरकवली नाही!