साडभावाची जीभ

हिंगणघाटापासून हैद्राबादेपर्यंत जेवढी म्हणून माणसं मला ठाऊक आहेत, त्यांत हेवा करण्याच्या लायकीचा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं दुर्दैव. परका असता तर मी त्याच्याकडे जाणं-येणं सोडून दिलं असतं. साडू सुटत नाही. बायका एकाच घरच्या, सणावाराला पाट शेजारी शेजारी, आणि सासूबाईंच्या हातातली तुपाची वाटी कुणाच्या पानावर किती वेळ वाकते हे पाहायला मी बाजूलाच बसलेलो. त्यांच्या पानावर ती जास्त वाकायची. ते थोरले जावई म्हणून वाकत असेल, अशी मी मनाची समजूत घालत असे. मन समजायचं, पण पोटात दुखायचं ते दुखायचंच.

साडभाऊ हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगात होते आणि यंत्रांचे सुटे भाग आणायला त्यांना वरचेवर हैद्राबादेकडे जावं लागे. मी हिंगणघाटातच वकिली करत होतो आणि मला कुठेच जावं लागत नसे. सन पन्नासच्या पुढची ती वर्षं. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होती. मोहाच्या फुलांची दारू गाळताना सापडलेले अशील माझ्याकडे येत, आणि या माणसानं दारूचा वाससुद्धा घेतलेला नाही असं मी कोर्टाला पोटतिडकीनं सांगत असे. हैद्राबादेकडून येताना आमच्या जिल्ह्यातलं पहिलं मोठं गाव वडनेर, आणि आमचं दोघांचं सासर वडनेरलाच. त्यामुळे साडभावांच्या पिशवीत जे काही असे ते पहिल्यांदा तिथे उतरायचं, आणि त्या संध्याकाळी मला हिंगणघाटहून वडनेरला जाण्याचं काही ना काही काम निघायचंच.

पिशवीत असायची व्हिस्की. एकच बाटली, पण दर खेपेस वेगळी. सिकंदराबादेच्या छावणीतल्या बटलरांपासून थेट घोड्यांच्या डॉक्टरापर्यंत त्यांच्या ओळखी होत्या, आणि कोण साहेब गाशा गुंडाळून विलायतेला चालला, त्याच्या कपाटात काय उरलं, हे त्या साहेबाच्या मडमेआधी आमच्या साडभावांना कळायचं. नाक्यावर अडवू नये म्हणून बाटलीच्या मूळ कागदावर ते एक चिठ्ठी चिकटवत, ‘बैलाच्या खांद्याचं तेल’. अक्षर मोत्यासारखं, त्याचाही मला हेवा होता. नाक्यावरचा शिपाई शेतकऱ्याचाच पोर. त्यानं एकदा आपल्या बैलासाठी थोडं तेल मागितलं आणि साडभावांनी दिलंही. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, बैलाले काही फरक नाई पडला साहेब, पण माह्या खांद्याले लय आराम आहे.

वडनेरच्या ओसरीवर ती चिठ्ठी ओल्या फडक्यानं निघायची, लग्नातला अंतरपाट निघावा तशी सावकाश. आत कधी दाढीवाला म्हातारा असायचा, कधी किल्ला, कधी मेंढी. इंग्रजी नावं कुणाच्या तोंडात बसत नसत, म्हणून चित्रावरूनच त्यांची ओळख पडली होती. मग देवघरातल्या पळीसारखीच, पण सासूबाईंनी कटाक्षानं वेगळी काढून दिलेली पळी यायची, आणि तीर्थ द्यावं तशी पळी-पळी प्रत्येकाच्या पेल्यात पडायची. बसणारे ठरलेले होते. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गावचे डॉक्टर, पोस्टमास्तर आणि आम्ही दोन जावई. पिणं हा त्या बैठकीचा हेतू नव्हताच. साडभावांचा सिद्धांत असा होता की जगात प्रत्येक माणसाच्या नावाची एक व्हिस्की गाळून ठेवलेली आहे, आणि ती त्याला शोधून देणं हे आपलं काम आहे. लोक पत्रिका पाहून मुली शोधतात, तसे ते स्वभाव पाहून बाटल्या शोधत. एकदा एखाद्याची ठरली की त्याच्यासमोर उरलेली बाटली ठेवली जाई. ती त्याची. दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही, मागायचीही नाही.

पोस्टमास्तर सदा कावलेले असत. त्यांना साडभावांनी किल्लेवाली दिली, स्कॉटलंडातली, धुराच्या वासाची. “दिवे लागायच्या वक्ताले गावात शिरलं का शिवेवर चुलीचा धूर भेटते ना, तसा हा धूर आहे,” ते म्हणाले. “घर जवळ आल्याचा.” पोस्टमास्तरांचं घर दूर कोकणात. त्यांनी तो पेला बराच वेळ नुसता नाकाशी धरला आणि त्या दिवसापासून गावाला पत्रं वेळेवर मिळू लागली. डॉक्टरांना मिळाली अमेरिकेतली, मक्यापासून केलेली, गोडसर. त्यावर मामाजींनी विचारलं की मक्याची होते तर आपल्या ज्वारीची काऊन नाई होत? साडभाऊ गंभीरपणे म्हणाले, “मामाजी, ज्वारी आपल्याले भाकरीलेच पुरत नाई, बाटलीत कुठून भरावी?” मामाजींना हे इतकं पटलं की पुढे आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मी कायद्यातली किती तरी अवघड कलमं त्यांना समजावून सांगितली होती. त्यांतलं एकही त्यांनी कुणाला सांगितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. खुद्द मामाजींना दाढीवाला मिळाला होता. सरकी काढलेल्या ताज्या कापसाच्या ढिगावर कोणीतरी जुनी शाल झटकावी तसा वास, असं त्याचं वर्णन झालं, आणि आम्ही सगळ्यांनी वास घेतला तर खरोखरच तसाच होता.

सगळ्यांची सापडली. माझी सापडेना. दर नव्या बाटलीची पहिली पळी मात्र साडभाऊ मलाच देत. देत आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसत. मी गिळलं की क्षणभर थांबून स्वतः एक घोट घेत आणि मग त्यांची ती रसाळ वाणी सुरू होई. पिंडाला आधी कावळा शिवावा लागतो, तसा मी. कावळा शिवला की बाकीची मंडळी जेवायला मोकळी. मला हे फार लागायचं. शेवटी ठरायचं काय, तर “नाई, हे वकीलसाहेबांची नोहे.” नाक्यावरच्या शिपायाची ठरली होती. माझी नाही. मी एकदा लाज सोडून विचारलं की भाऊ, माझ्या स्वभावात असं काय आहे की विलायतेत आणि अमेरिकेत मिळून माझ्यापुरती एक बाटली निघू नये? ते म्हणाले, “घाई काऊन करता? सापडन ना जी.” बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, बरंच आहे की. तिला हे दुःख कळण्यासारखं नव्हतं.

अशात एक श्रावण आला आणि साडभावांनी वडनेरला एक बाटली आणून ठेवली. छावणीतल्या एका म्हाताऱ्या अंमलदाराकडची, आम्हा दोघांच्या लग्नांहून जुनी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी उघडू म्हणाले, आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “ह्या खेपेस तुमचीच निघन असं वाटून राह्यलं मले.” मी ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. कोर्टात एका अशिलाच्या बाजूनं बोलता बोलता विरुद्ध बाजूचं बोलून गेलो.

त्या दिवशी नेमका मी एका दाव्याची जागा पाहायला जामला गेलो होतो. मोटार उशिरा आली. वडनेरला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. जवळचा रस्ता म्हणून गोठ्याकडून शिरलो आणि जागच्या जागी थबकलो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात. मामाजींचा मोठा पांढरा बैल तिथे डोळे मिटून उभा होता, आणि त्याच्या खांद्याचा जो वास येत होता तो हळदीचाही नव्हता आणि तुपाचाही नव्हता. मामाजींचा सालदार गडी कोपऱ्यात उकिडवा बसला होता. त्या वर्षी गावात प्रौढांचा वर्ग निघाला होता आणि तो नुकताच वाचायला शिकला होता. त्यानं फळीवरची बाटली पाहिली, चिठ्ठीवरचं एकेक अक्षर लावलं, आणि पहिल्यांदाच स्वतः वाचलेल्या मजकुराबरहुकूम काम केलं होतं. बाटली संपल्यावर कुणीतरी त्याला सांगितलं की ते मोठ्या जावयाचं होतं. “मंग म्या त्याच्यात कोरा चहा भरून ठेवला जी,” तो म्हणाला. “रंग तं तोच हाय. मोठ्या जावयाले नोका सांगू, वकीलसाहेब.”

मी बैलाच्या खांद्याला नाक लावून उभा राहिलो. पिकलेली बोरं, चंदनाची पेटी, आणि त्याच्याही मागे काहीतरी होतं, ज्याला मला नाव देता येईना, पण ते माझं होतं याबद्दल शंका नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी बैलाचा हेवा केला. आणि लगेच, खोटं कशाला बोलू, मनात उकळ्या फुटू लागल्या. आत ओसरीवर साडभाऊ चहाचा घोट घेणार, थू म्हणून टाकणार, मामाजींसमोर फजिती होणार आणि ती पाहायला मी वेळेवर पोचलो होतो.

आत शिरलो तर साडभावांनी घोट घेतलेला होता. माझी वाट पाहून मामाजी कंटाळले आणि म्हणाले होते की तुम्हीच सुरू करा. साडभावांचे डोळे अर्धे मिटलेले होते आणि ते सांगत होते, “अशी मऊ आजवर आलीच नाई, मामाजी. घशाले लागतच नाई. जुनी झाली का माणसावानीच मऊ होते.” डॉक्टर आणि पोस्टमास्तर माना डोलवत आपापल्या पेल्यात पळी पडण्याची वाट पाहत होते. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. ज्या माणसाच्या जिभेचा अख्खा तालुका डंका पिटत होता, त्याला कोरा चहा कळला नव्हता.

मला पाहताच त्यांनी घाईघाईनं पेला भरून पुढे केला. “घ्या, तुमचीच वाट पाहून राह्यलो.” मी घेतला. चहाच होता, थंड आणि कडू. ‘अहो, हा तर चहा’ हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो क्षण पेल्यात घालून मिळाला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नेहमीसारखेच माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. काहीतरी चुकलंय हे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळलं होतं; काय चुकलंय ते कळत नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिली पळी मला का, हे मला त्या क्षणी कळलं.

“भाऊ,” मी म्हणालो, “सापडली. हीच माझी.”

आणि बाटली उचलून मांडीशी घेतली. नियम म्हणजे नियम. डॉक्टरांनी रिकामा पेला खाली ठेवला, पोस्टमास्तरांनी माझं अभिनंदन केलं आणि मामाजी म्हणाले, चला, धाकल्या जावयाचंही जमलं एकदाचं. तो सबंध कोरा चहा मी त्या संध्याकाळी सगळ्यांदेखत पळी-पळीनं संपवला, मधून मधून डोळे मिटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल धुवायला नेले तेव्हा साडभाऊ माझ्या शेजारी ओढ्याकाठी येऊन बसले. मग हळूच विचारलं, “काय होतं जी त्याच्यात?” मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मोतीझऱ्याच्या तापातून उठल्यापासून त्यांच्या जिभेला काही लागत नव्हतं, नाकाला काही कळत नव्हतं. वांग्याची भाजी आणि वर्तमानपत्र त्यांना सारखंच. घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण लोक मग बैठकीला कशाला येतील?

“मग इतकं सांगायचे कसे?” मी विचारलं.

“तुमच्या तोंडावर सारं दिसते ना,” ते म्हणाले. “धूर आला का तुमच्या भिवया जवळ येतेत. गोड असली का खालचा ओठ ढिला पडते. बाकी मंग म्या जोडून देतो.” आणि वर म्हणाले, “तुमची मुद्दामच नाई सापडू देली; ‘ह्या खेपेस निघन’ म्हटलं ते तुम्ही येत राहावं म्हणून. ज्याची सापडली त्यानं बाकीच्या मनापासून चाखणं सोडलं. तुमचं तोंड बंद झालं असतं तं म्या काय केलं असतं?”

म्हणजे इतकी वर्षं मी माझ्याच जिभेचा हेवा करत होतो. यानंतर तरी तो संपायला हवा होता. पण तो संपला नाही, वाढला. कारण बैठका पुढेही होत राहिल्या, पहिली पळी मला मिळत राहिली, चव मला कळत राहिली आणि ती सांगत ते राहिले. मला ‘कडू’ आणि ‘बरी’ यापलीकडे शब्द सुचत नसत. माझ्या एका भिवईवरून ते अख्खी संध्याकाळ उभी करत, आणि मामाजी म्हणत, थोरल्यांची जीभ म्हणजे जीभ आहे. मी खाली मान घालून ऐकायचो आणि जळायचो. आता त्या जळण्यात थोडी ऊबही होती, एवढंच.

साडभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा त्यांच्या मुलानं परदेशातून एक बाटली आणली, आणि काकांनी आधी घ्यावी म्हणून पहिला पेला माझ्या हातात दिला. फार चांगली होती. बोरं होती, चंदन होतं, आणि त्या बैलाच्या खांद्यापाशी सापडलं होतं तेही होतं. माझ्या भिवया काय करत होत्या कोण जाणे. मुलगा बाटलीचं बूच बसवण्यात गुंतला होता. “कशी आहे, काका?” त्यानं तिकडेच पाहत विचारलं.

“चांगली आहे,” मी म्हणालो.