वरच्या मजल्यावरची चूल

"शहर पडत नसतं रे, अंग आवरून राहतं," असं म्हणत सर दोन्ही तळवे हळूहळू जवळ आणायचे. चारचौघांत कुणी चुकून "रोम पडलं" असं म्हणालं की हे व्हायचंच. मिशिगनमधल्या ट्रॉय गावातले आम्ही सगळे मोटारींच्या कंपन्यांतले इंजिनिअर. कॉलेजात इतिहास शिकवणारा मराठी माणूस आमच्यात हा एकच, आणि तोही रोमचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना आदर भरपूर मिळतो, श्रोते मिळत नाहीत.

ऐंशीच्या दशकात आमच्या मंडळाचा गणपती चर्चच्या तळघरात बसायचा. हॉल स्वस्तात मिळे, पण पुष्कळांना संकोच वाटायचा. सर मात्र खूश. "अरे, रोमनांची देवळं चर्च झाली, आता चर्चमध्ये गणपती! याला पडझड म्हणायचं की वस्ती?" मंडळी हसायची आणि प्रसादाच्या रांगेकडे सरकायची.

त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या आणि चार बेडरूमच्या घरात सर एकटे उरले. कॅलिफोर्नियातला मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, जस्ट सेल इट." सरांना घर विकायचं नव्हतं, त्यात माणसं हवी होती. रोमच्या उतरत्या काळात म्हणे श्रीमंतांच्या मोठाल्या घरांत भिंती घालून चार-चार कुटुंबं राहू लागली, दिवाणखान्यातल्या नक्षीदार फरशीवर त्यांनी चुली मांडल्या. "पंडित त्याला ऱ्हास म्हणतात. मला तर त्या घरात पोरांचा आवाज ऐकू येतो," सर सांगायचे.

मग त्यांनी तेच केलं. वरच्या मजल्यावर सिंक आणि शेगडी बसवून घेतली आणि नागपूरहून नव्यानं आलेल्या एका जोडप्याला, त्यांच्या लहान मुलीसकट, ठेवून घेतलं. त्या मुलीची आई, मीनल, वर फोडणी करायची. सर खालून ओरडायचे, "हिंग जास्त झाला गं!" वरून उत्तर यायचं, "काका, आधी जेवायला या, मग कॉमेंट करा!" त्या हिवाळ्यात सर मंडळात उशिरा यायचे आणि लवकर पळायचे. घरी कुणीतरी त्यांची वाट बघत होतं.

शेजाऱ्यानं तक्रार केली. त्या वस्तीत एका घरात एकच कुटुंब असा नियम, दुसरं स्वयंपाकघर चालत नसे. तपासणीला आलेल्या माणसाला सरांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि थेट पाचव्या शतकापासून समजावून सांगायला घेतलं. बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "सर, धिस इज मिशिगन," तो म्हणाला आणि शेगडी काढायला मुदत देऊन गेला.

मीनलचं बिऱ्हाड एका अपार्टमेंटमध्ये गेलं. तसं लांब नव्हतं. पण इथे हायवेपलीकडचं घर म्हणजे आधी फोन करून जायचं घर.

पुढच्या रविवारी मी गेलो, तर सर खाली नव्हते. वर, शेगडी काढलेल्या भिंतीजवळ, ओव्हरकोट घालून जमिनीवर बसले होते. वरच्या मजल्याचं हीटिंग बंद केलेलं होतं.

"सर, खाली बसू या ना. इथे केवढा गारठा आहे."

"खाली फार एकटं वाटतं रे," ते म्हणाले. "इथे अजून तिच्या फोडणीचा वास येतो. येतो ना?"

मी त्यांच्याशेजारी बसलो. भिंतीला नुकताच रंग दिला होता. मला फक्त त्याचाच वास येत होता.

"येतो की," मी म्हटलं.