बावीसचं ॲव्हरेज आणि चिमूटभर साखर

आमची गाडी बावीसचं ॲव्हरेज देते, हे मी लातुरात इतक्या जणांना सांगितलं होतं की शेवटी शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं. दालमिलच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर कुणी अठरा म्हणालं की मी बावीस म्हणायचो. कुणी बावीस म्हणालं असतं तर मी सव्वीस म्हणालो असतो, पण तेवढी छाती कुणाची झाली नाही. खरा आकडा मला आणि गाडीलाच ठाऊक. डिझेलवर चालणारी, वयानं थोराड, चढाला लागली की माझ्या थोरल्या चुलत्यासारखी खाकरणारी ती बाई चौदा द्यायची. तेही वारं पाठीमागून असलं तर.

घात केला बायकोनं, आणि तोही माझ्यावर विश्वास ठेवून.

एका रविवारी जळकोटचा एक माणूस दारात उभा. आल्या आल्या त्यानं बॉनेट उघडायला लावलं, गाडी चालू करायला लावली आणि डॉक्टरसारखा कान लावून बसला. मग हात पुसत म्हणाला, "इंजिन ठणठणीत हाय. बाकीचा पत्रा भंगारात जाईल. इंजिन मी रसवंतीला बसवतो."

"कशाला?"

"रसवंतीला हो. उसाच्या चरकाला. तिकडं रोडला टाकून राहिलो ना."

माझ्या हातातला चहा बशीत उतरला. ज्या इंजिनानं माझ्या लेकीला लग्नानंतर नांदेडला पोचवलं, ते आता घुंगरं बांधून आलं-लिंबू घातलेला रस काढणार! त्याला कुणी बोलावलं म्हणून विचारलं, तर आतून आवाज आला, "मी."

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. "लई डिझेल पिऊन राहिलीय ही. यष्टीत मला अर्धं तिकीट, तुम्हाला पूर्ण. दोघांचं मिळून दीडच. कशाला पोसायचा हा हत्ती?"

"अगं, पण बावीस देते ती!"

"हाव ना? साऱ्या गावाला सांगता, मग मलाबी दावा. टाकी फुल करून नांदेडला जायचं, लेकीला भेटायचं, परत येऊन त्याच पंपावर फुल करायची. मी येते पंपावर. बावीस भरलं तर गाडी तुमची. न्हाई भरलं तर रसवंती."

"मी थांबतो ताई, घाई न्हाई," जळकोटकर म्हणाला आणि जाता जाता माझ्या गाडीच्या बॉनेटवर असा हात फिरवून गेला, जसा खाटीक बोकडाच्या पाठीवर फिरवतो.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मिस्त्रीकडं नेली. हा माझा लहानपणचा दोस्त. तीन पिढ्या त्यांचं गॅरेज, आणि थापा मारण्यात लातुरात मला टक्कर देणारा एकटाच. आजोबानं निजामाच्या सुभेदाराची मोटर दोऱ्यानं बांधून हैदराबादला पोचवली होती, असं तो सांगतो. मी विश्वास ठेवतो, कारण मग त्यालाही माझ्यावर ठेवावा लागतो.

"गाडी को कुछ नई हुआ," तो म्हणाला. "तुमारे पाँव को हुआ. ऐसा दबाते जैसे साँप दबा रहे."

तरी त्यानं एअर फिल्टर काढला. त्यातून एवढी माती निघाली की हरभरा पेरला असता तर राशी झाली असती. मागच्या एका चाकाचा ब्रेक धरून राहिला होता. म्हणजे मी इतकी वर्षं गाडी चालवत नव्हतो, ओढत होतो. टायर इतके बसले होते की हवा भरल्यावर गाडी वीतभर उंच झाली आणि मला आत चढताना धोतर नेसल्यासारखा पाय उचलावा लागला. मग त्यानं डिक्की उघडली आणि शांतपणे बघत राहिला. एक छत्री, दोन नारळ, तुटलेली बाज, लग्नातल्या उरलेल्या अक्षता.

"सेठ, ये डिक्की है के गोदाम?" मग माझ्या पोटाकडं बघून म्हणाला, "वजन कम करो. जो निकलता वो निकालो."

बाज निघाली. पोट राहिलं. त्यानं शेवटी सांगितलं, साठच्या वर जायचं नाही, उतारावर गिअरमध्येच पाय काढायचा, न्यूट्रल केली तर ब्रेक दगा देईल. "उन्नीस तक ले जाता मैं," तो म्हणाला. "आगे के तीन अल्ला के हवाले."

ते तीन कुठं अडकलेत हे मला माहीत होतं. ते आमच्या स्वयंपाकघरात होते.

त्याचं असं आहे, की आमच्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. लेकीचं लग्न झालं तेव्हा हिनं नांदेडला एक डबाभर चिवडा दिला. विहीणबाईंनी तो डबा बेसनाचे लाडू भरून परत पाठवला. लाडू चिवड्यापेक्षा भारी पडले, म्हणून हिनं पुढच्या खेपेला मोठा डबा काढला. त्यांनी त्याहून मोठा. होता होता तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आला, आणि गेल्या वर्षी पोती आली. इकडून तूरडाळ आणि करडईचं तेल जायचं, तिकडून ज्वारी आणि हळद यायची. दोघी एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की मुंग्या लागाव्यात. आणि मधल्या मध्ये माझी गाडी डोळे पांढरे करायची.

"या खेपेला मोकळं जातो," मी म्हणालो. "ॲव्हरेजचा प्रश्न हाय."

"लेकीच्या दारात मोकळ्या हातानं?" हिनं असं विचारलं, जणू मी विजार न घालता जातो म्हणालो. एक पोतं डाळ, एक डबा तेल, वर खारवड्यांचा स्टीलचा डबा. डब्यांवर आमच्या घराचं नाव कोरलेलं. "डबे मोजून आणा," ती म्हणाली.

मी निघालो. साठच्या खाली, नव्या नवरीसारखा. अहमदपूरच्या आधी उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांसकट, मला ओव्हरटेक करून गेला आणि ड्रायव्हरनं कपाळाला हात लावून नमस्कार केला. त्याला वाटलं पुढं मयत चाललीय. मागं लागलेल्या एका मोटरसायकलवाल्यानं खिडकीशी येऊन विचारलं, "काका, कोण गेलं?" एसी बंद, खिडक्या बंद, कारण उघड्या खिडकीनं वारं अडतं. आत मी भट्टीतल्या वांग्यासारखा. रस्त्याकडेला रसवंती दिसली, घुंगरं वाजली, की गाडीला हुडहुडी भरायची. स्टिअरिंगमधून मला कळायचं.

नांदेडात जेवण झालं, लेक भेटली. विहीणबाईंनी माझ्या देखत डाळ-तेल उतरवून घेतलं आणि डबे घेऊन आत गेल्या. डबे बाहेर आले तेव्हा दोन माणसं एकेका डब्याला लागली होती. पोत्यात ज्वारी, तेलाच्या डब्यात हळद, स्टीलच्या डब्यात लोणचं.

"लई झालं हो विहीणबाई," मी म्हणालो.

"काय लई? तुमची गाडी बावीस देते म्हणं. तिला काय जड हाय?"

माझी थाप माझ्या आधी नांदेडला पोचली होती.

लोह्यापर्यंत आलो आणि काट्याकडं बघितलं. काटा हळदीच्या वजनानं खाली चालला होता. मी हिशेब मांडला: पुढचा रस्ता मोकळ्या गाडीनं कापला तरच बावीस, नाहीतर घुंगरं. ओळखीच्या ढाब्यावर थांबलो. मालक तरणा, हसरा, आमच्याच तालुक्यातला जावई.

"दोन दिवस सामान ठेवशील का?"

"ठेवा की काका. वरीसभर ठेवा."

ज्वारी त्याच्या पोत्यात ओतली, हळद त्याच्या पिंपात, लोणचं त्याच्या बरणीत. आमचं पोतं आणि डबे हलके करून डिक्कीत टाकले, कारण डबे मोजले जाणार होते. आणि मी काही अगदीच अडाणी नाही. रिकामं भांडं नेऊ नये हे मलाही कळतं. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात. ढाब्यावरनं साखर मागून घेतली आणि प्रत्येक भांड्यात एक एक चिमूट टाकली. पोत्यातसुद्धा.

तिथून गाडी जी उडाली! साठवरच, पण उडाली. मोकळी, हलकी. चाकूरच्या उतारावर तर ती डिझेल परत टाकीत भरते की काय असं वाटलं.

पंपावर बायको ऑटोतून उतरून उभीच होती. शेजारी जळकोटकर, त्याच्या हातात पाना. टाकी भरली, आकडा थांबला, भागाकार मोबाइलवर तिनंच केला. बावीस. वर थोडं.

"पुन्हा कर," मी म्हणालो, मलाच विश्वास बसेना.

पुन्हा बावीस. जळकोटकरनं पाना खिशात घातला. मी पंपावरच्या सगळ्यांना चहा सांगितला. पंपावर चहा मिळत नाही हे मागून लक्षात आलं.

"बघू, काय दिलंय विहीणबाईंनी," म्हणत हिनं डिक्की उघडली. तेलाचा डबा एका बोटानं उचलला गेला. तिनं झाकण काढलं, आत वाकून बघितलं. मग दुसरा. मग पोतं झटकलं.

"साखर," ती म्हणाली.

"हाव. रिकामं कसं..."

"पंधरा किलोच्या डब्यात चिमूटभर साखर." तिचा आवाज एकदम लहान झाला. "म्हणजे त्यांनी संपवलं. पुन्हा काही पाठवू नका म्हणतात. पोरीला काही बोलल्या का हो त्या? तिचं तोंड कसं होतं? जेवली होती का ती?"

बावीसचा आकडा अजून तिच्या मोबाइलवर चमकत होता. मी तोंड उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा त्यात थाप सापडली नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. विहीणबाई. हिनं स्पीकरवर टाकला.

"पोचले का भाऊ? ज्वारी टाळकी वाणाची हाय बरं, जात्यावर भरडू नका. हळद घरचीच हाय."

"पोचले," ही म्हणाली. माझ्याकडं बघत. "पोचली ज्वारीबी. लई चांगली हाय." फोन ठेवला. "कुठंय?"

"लोह्याला."

"काय करून राहिली लोह्याला?"

"विश्रांती."

जळकोटकरनं पाना परत बाहेर काढला.

तिनं डिक्की धाडकन लावली आणि ऑटो करून घरी गेली. सकाळी उठून बघतो तर डिक्कीत डाळीचं पोतं आणि तेलाचा डबा भरलेला, आणि ही पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली.

"हे कशाला?"

"लोह्यापर्यंत जाऊनच राहिलो तर नांदेड किती राहिलं? त्यांच्या ज्वारीला उत्तर न्हाई द्यायचं? आणि लेकीचं तोंड मी बघून येते. तुमच्या बघण्यावर माझा भरवसा न्हाई." मग फोन लावला. "हां, जळकोटचे भाऊ. गाडी विकायची न्हाई. हो. यष्टीत कंडक्टर पोतं चढवू देईना ना!"

ढाब्यावर मालक धावत आला. "काका, रागवू नका. रात्री ट्रकवाले आले, तुमच्या ज्वारीच्या भाकरी थापल्या. लई खूश झाले. अर्धी राहिली."

बायकोनं उरलेली ज्वारी मोजली, पदर खोचला आणि तुटीच्या बदल्यात त्याची शेळीचं दूध काढायची एक चरवी ताब्यात घेतली. "ही भरून परत देईन," ती म्हणाली. त्याला अजून कळलेलं नाही की तो कशात अडकला.

आता महिन्याला आमची गाडी लातूर, लोहा, नांदेड अशी तिहेरी भरून चालते. चहाच्या गाड्यावर परवा कुणीतरी विचारलं. मी पंपाची पावती काढून दाखवली. किलोमीटरला त्यातल्या लिटरनं भागा, बावीस, वर थोडं.

पावती हातोहात फिरली. सगळे हसले. "काका," एक जण म्हणाला, "आता छापून बी घेऊन राहिला का?"